भानाक्का मरत नाही

'ढिसाळगडची बखर' या मालिकेचा सातवा आणि शेवटचा खंड चित्रांसाठी उज्ज्वला मगदूमकडे आला, तेव्हा तिनं हातातली बाकीची कामं बाजूला सारली. पहिल्या खंडापासून या मालिकेची चित्रं तिचीच होती. शिरीष सरनोबत लिहायचे आणि ती काढायची. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या या गृहस्थांनी सह्याद्रीतल्या एका काल्पनिक किल्ल्यावर राक्षस, वेताळ, हडळी आणि एक भित्रे महाराज वसवले होते, आणि जुन्या बखरींच्या ऐटबाज भाषेत त्यांच्या फजित्या सांगितल्या होत्या. शाळकरी पोरं ती पुस्तकं अभ्यासाच्या वह्यांखाली लपवून वाचत. त्यातली काही आता आपल्या पोरांना वाचून दाखवत होती.

सगळ्यांची लाडकी होती चेटकीण भानाक्का. राग आला की ती समोरच्याची भाजी करून टाकायची, आणि परत माणूस करायचं विसरायची. गडाचा खजिनदार दुसऱ्या खंडापासून वांगं होता. दरबारात त्याला गादीवर ठेवून हिशेब विचारले जात. सहावा खंड संपताना भानाक्का आजारी पडली होती. सातव्यात ती जाणार, हे सरांनी उज्ज्वलाला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. माणसं मरतात हे पोरांना कुणीतरी हसत हसत सांगायला हवं, पण सांगायला हवंच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर बरीच वर्षं काहीच आलं नाही, कारण सरांना कंपवात झाला.

आता मजकूर समोर होता. उज्ज्वला मंगळवार पेठेतल्या आपल्या स्टुडिओत वाचायला बसली आणि पहिल्या पानापासून हसत सुटली. पण पानं पुढं सरकली तसं तिला काहीतरी खटकू लागलं. भानाक्का मरत नव्हती. ती मरायला टेकायची. वैद्यबुवा मान हलवायचे, महाराज शेल्यानं डोळे पुसायचे, आणि नेमका त्याच क्षणी कुणाचा तरी पाय वेताळाच्या शेपटीवर पडायचा, कढई उपडी व्हायची, वांगं शिंकायचं. भानाक्का उठून बसायची. पुढच्या प्रकरणात पुन्हा अंथरूण, पुन्हा वैद्यबुवा, पुन्हा घोळ. शेवटी तर गडावर जत्रा भरली होती आणि भानाक्का पाळण्यात बसून किंचाळत होती. तिथं पुस्तक संपत नव्हतं, नुसतं थांबत होतं.

विनोद सगळे चांगले होते, आणि तेच तिला बरं वाटेना. सरांचे विनोद असे कधी नसत. ते वाचकाला वाट बघायला लावत, एखादं पान तर मुद्दाम रटाळ लिहीत आणि मग शेवटच्या ओळीत टोला देत. इथं मात्र दुःखाची चाहूल लागली की विनोद हाकेला ओ दिल्यासारखा धावत येत होता.

त्या काळात कुठलंही पुस्तक हाती घेतलं की पहिली शंका एकच यायची. वारलेल्या लेखकांच्या नव्या कादंबऱ्या निघत होत्या. प्रकाशक मलपृष्ठावर 'मानवलिखित' असा गोल शिक्का छापत आणि त्या शिक्क्यावर कुणाचाच विश्वास नसे. एखाद्या लेखकाची सहा पुस्तकं यंत्राला वाचायला दिली, तर सातवं ते जेवणाच्या सुट्टीत लिहून देई. असं यंत्र सहज हाताळणारा माणूस सरांच्या घरातच होता. त्यांचा मुलगा पराग पुण्यात संगणकाच्या धंद्यात होता, वडिलांचे करारमदार तोच बघत होता, आणि शेवटचा खंड कधी येणार म्हणून प्रकाशकाचे फोनही त्यालाच येत होते.

उज्ज्वलानं कुंचले धुऊन ठेवले आणि सरांकडे जायचं ठरवलं.

*

सरांचा आजार उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू झाला होता. मग हात गेला, मग चाल गेली. पुढं पुढं तर अंथरुणात कूस बदलायलाही त्यांच्या पत्नीला, सुनंदाकाकूंना, आधार द्यावा लागे. पेन सुटलं. सांगून लिहवून घ्यावं, तर आवाजही पुटपुटण्याएवढा खाली गेला. मग मिरजेच्या एका इस्पितळात त्यांच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र. सगळे त्याला मेंदूचा पेसमेकर म्हणत. अशी यंत्रं पूर्वीही होती, पण हे नवं होतं. ते एकाच मापाची वीज सोडत बसत नसे. मेंदूचं ऐकून स्वतःच कमीजास्त करत असे आणि रुग्णाच्या सवयी हळूहळू शिकत असे. सर महिन्याभरात हिंडूफिरू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी सुनंदाकाकू अचानक हृदयविकारानं गेल्या. दिवसकार्य होताच सरांनी सातवा खंड हाती घेतला. दुःख कसं पचवावं ते सरांकडून शिकावं, असं लोक म्हणाले.

राजारामपुरीतल्या घराचं दार सरांनी स्वतः उघडलं. स्वतः चहा केला आणि काठोकाठ भरलेले कप एक थेंब न सांडता आणून ठेवले. उज्ज्वला भानाक्काच्या लुगड्याच्या रंगाबद्दल काहीतरी विचारू लागली, तर ते तिच्याकडे बघून हसले.

"मशीननं लिहिलंय असं वाटलं ना तुला?"

तिनं होय म्हटलं. सरांनी आतून कागदांचा गठ्ठा आणून तिच्या मांडीवर ठेवला. सगळं त्यांच्या हातचं होतं, खाडाखोडीसकट. तरी तिची शंका फिटेना. हातानं लिहिलं याचा अर्थ डोक्यातून आलं असा होत नाही. दुसरीकडचं बघूनही उतरवता येतं. तिनं चाचरत विचारलं, माझ्यासमोर एक पान लिहाल का. सरांना राग आला नाही, उलट मजा वाटली. त्यांनी तिथंच वांगं झालेल्या खजिनदाराचा महाराजांना अर्ज लिहून काढला, की मुदपाकखान्यात सेवकाच्या डोळ्यांदेखत सेवकाच्या आप्तांचं भरीत होते, तरी सरकारांनी निदान दरवाजा लावून घेण्याची आज्ञा करावी. उज्ज्वला मोकळेपणी हसली. लिहिणारे सरच होते, यात शंका उरली नाही.

"आता भानाक्का जाते ते लिहा," ती म्हणाली.

सरांनी नवा कागद घेतला. भानाक्कानं भिंतीकडं तोंड केलं, इथपर्यंत वाक्य आलं आणि पेन अडखळलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला बारीक थरथर सुटली होती, गळाला मासा लागल्यावर दोरी हलावी तशी. मग ती विरली. खांदे सैल झाले, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि पेन पुन्हा धावू लागलं. वैद्यबुवांच्या दाढीला समईची ज्योत लागली होती.

"बघ, मरायचं नावच घेत नाही ही बाई," सर कौतुकानं म्हणाले.

माणसांचे हात आणि चेहरे निरखणं हा उज्ज्वलाचा धंदाच होता. तिनं जे पाहिलं त्याचा क्रम तिच्या मनातून जाईना. आधी थरथर, मग शांतता, मग विनोद. तिनं कप खाली ठेवला आणि काकूंची आठवण येते का, असं विचारलं.

येते की, असं म्हणून सरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. अंगठा हलला. हलायचा थांबला. "यमाच्या दारातसुद्धा तिनं त्याला आधी पाय पुसायला लावले असतील," ते म्हणाले.

विनोद चांगला होता. काकू तशाच होत्या. उज्ज्वलाला हसू आलं आणि हसता हसताच तिच्या अंगावर काटा आला. तिनं विषय बदलून, वळसे घालून पुन्हा पुन्हा तिथंच आणला. दर वेळी तेच झालं, त्याच क्रमानं.

*

घरी आल्यावर तिनं परागला फोन केला. तो आधी सावध बोलत होता. मग म्हणाला, "उज्ज्वलाताई, खरं सांगू का? मला वाटलं तुम्हीच लिहून दिलंय त्यांना." त्यालाही मजकूर खटकला होता. बाबांच्या नावावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं आहे अशी त्याची समजूत झाली होती, आणि सरांची लकब इतकी ओळखणारी दुसरी व्यक्ती त्याच्या माहितीत नव्हती. इतके दिवस दोघं एकमेकांवर संशय घेत गप्प बसले होते.

तिनं विचारलं, काकू गेल्यावर सर रडले होते का.  परागनं सांगितलं की दहाव्याला कावळा शिवत नव्हता तेव्हा बाबांनी सगळ्या नातेवाइकांना हसवून सोडलं. त्याला ते विचित्र वाटलं होतं, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही.

"तुम्ही त्यांना येऊन-जाऊन बघितलंय," तो म्हणाला. "आईनं आणि मी जवळून बघितलंय. गिळता यायचं नाही त्यांना. आता हसतात, तर हसू द्या की."

 पण जे कळलं ते सरांपासून लपवणं उज्ज्वलाला जमेना. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं आपण काय पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, तिच्या कल्पनाशक्तीची थट्टा केली आणि तिला दारापर्यंत सोडायला आले. तिला वाटलं, विषय संपला.

सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा प्रसन्न होता.

"काल संध्याकाळी सुनंदाच्या फोटोसमोर बसलो. म्हटलं, रडून बघू. उठलो तेव्हा फोटोच्या चौकटीवर एक कोडं तयार झालं होतं. कोडं चांगलं आहे. मिरजेला कधी जायचं?"

*

डॉ. रूथ लोंढे यांनीच सरांवर उपचार केले होते. शांत, नेमकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सरांना यंत्राशी जोडलेल्या पडद्यासमोर बसवलं आणि सुनंदाकाकूंबद्दल बोलायला सांगितलं. थोड्याच वेळात त्यांनी मान हलवली आणि खुर्ची दोघांकडे वळवली.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या तळाशी, खोलवर, मसुराच्या आकाराचा, पण त्याहून जरासा मोठा पेशींचा पुंजका असतो. हालचालींचा मोठा कारभार तिथून चालतो. कंपवातात या पुंजक्यातल्या पेशी एका तालात धडधडू लागतात, आणि तो ताल वाढला की हातपाय अडतात किंवा थरथरतात. यंत्राची तार या पुंजक्यात असते. ताल वाढतोय असं दिसलं की यंत्र वीज सोडून तो मोडतं. पण त्याच पुंजक्याच्या एका टोकाला, केसभर अंतरावर, भावनांचा कारभार सुरू होतो. तिथं वीज गेली तर माणूस विनाकारण उल्हसित होतो. डॉक्टरांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, म्हणून त्या टोकाला वीज अगदी कमी ठेवलेली होती.

"दुःख झालं की कंप वाढतो, हे तुम्हालाही माहीत असेल," डॉ. लोंढे म्हणाल्या. "या यंत्राला आम्ही एकच सांगितलं होतं, कंप येऊ देऊ नकोस. ते शिकत गेलं. कंप आल्यावर थांबवण्यापेक्षा त्या टोकाला वीज सोडून दुःखच येऊ दिलं नाही तर काम सोपं होतं, हे त्याला सापडलं. त्याला दुःख कळत नाही, विनोदही कळत नाही. त्याला फक्त थरथर कळते."

हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं का, असं उज्ज्वलानं विचारलं. पेशंट येतो, हात स्थिर असतात, चेहरा हसरा असतो, अशा वेळी आम्ही पुढचा पेशंट बोलावतो, असं बाईंनी सरळ सांगितलं. मग त्यांनी पर्याय मांडले. आहे तसं चालू ठेवता येईल. किंवा त्या टोकाची वीज कायमची बंद करता येईल. मग सुखदुःख आपल्या जागी येईल, पण कंप बराचसा परतेल, आणि लिहिणं जमेल याची खात्री नाही.

सर बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून ऐकत होते. "मला विचाराल तर राहू दे," ते म्हणाले. आणि मग थबकले. "पण डॉक्टर, हे 'राहू दे' कोण म्हणालं?"

 सरांनीच पुढं सुचवलं की यंत्र थोडा वेळ पूर्ण बंद करावं आणि मागे उरेल त्या माणसाला विचारावं. डॉ. लोंढेंनी बजावलं की बंद केल्यावर समोर येईल तो अस्सल शिरीष सरनोबत असं समजू नका. इतके दिवस अडवलेलं एकदम येईल आणि तेही प्रमाणाबाहेर असेल. पण एका सकाळपुरतं, इस्पितळात, त्यांच्या देखरेखीखाली करायला त्या तयार झाल्या.

त्या दिवशी पराग पुण्याहून आला.  खोलीबाहेर त्यानं उज्ज्वलाला गाठलं.

"तुम्हाला एक प्रकरण हवंय. मला माझे बाबा हवेत."

 भानाक्काच्या मरणाचं चित्र उज्ज्वलाच्या मनात कधीचं तयार होतं. सरांना त्यांचं दुःख मिळावं म्हणून आपण इथं आलो, की त्या चित्राला मजकूर मिळावा म्हणून? तिला नक्की सांगता येईना.

*

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं तेव्हा खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. आधी काहीच झालं नाही. सर म्हणाले, पैसे परत मागा. मग अंगठा हलू लागला, मग मनगट, मग सबंध हात. चेहरा हळूहळू ताठरला, डोळे मिटायचे विसरले. उज्ज्वलानं हा चेहरा पूर्वी पाहिला होता, पण इतक्या झपाट्यानं तो परत येताना पाहणं वेगळं होतं. पराग दाराशी उभा होता. तो वळून बाहेर निघून गेला.

बऱ्याच वेळानं सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा हलत नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. ओठ काहीतरी म्हणत होते. उज्ज्वलानं कान जवळ नेला.

"त्या दिवशी मी आनंदात होतो," ते पुटपुटले. "ती गेली त्या दिवशी. दिवसभर."

एवढंच त्यांनी काकूंबद्दल सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, लिही. उज्ज्वलानं चित्रांच्या वहीचं कोरं पान उघडलं. ते एकेक शब्द सांगत गेले. कधी एका वाक्याला एवढा वेळ लागे की आधीचं वाक्य ती पुन्हा वाचून दाखवी. डॉ. लोंढे अधूनमधून येऊन नाडी बघून जात.

प्रकरण छोटंसं झालं. भानाक्का दुपारी देवडीच्या पायऱ्यांवर उन्हाला बसते आणि बसल्याबसल्या मान टाकते. गडावरच्या लोकांना वाटतं, अक्काचा डोळा लागला. तिची झोपमोड केली तर आपला दुधीभोपळा होईल या भीतीनं जो तो चवड्यांवर चालू लागतो. राक्षस घणाला फडकं गुंडाळतात. वेताळ शेपटी हातात धरून जातात. जन्मात कधी शांत न झालेला गड दिवसभर चिडीचूप राहतो. सांजेला महाराज तिच्या अंगावर शाल घालायला जातात आणि त्यांना कळतं. ते कुणालाच सांगत नाहीत. तिच्याशेजारी पायरीवर बसून राहतात आणि गडाला सकाळपर्यंत तसंच, चवड्यांवर चालू देतात.

शेवटचं वाक्य झाल्यावर सरांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी परागला आत बोलावलं आणि सरांना सावकाश, स्पष्ट शब्दांत विचारलं, यंत्र पूर्वीसारखंच सुरू करू, की त्या टोकाची वीज कायमची बंद करू? उज्ज्वलाला उत्तर ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

पराग खाली वाकून वडिलांच्या हनुवटीवर आलेली लाळ रुमालानं पुसत होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. सर त्याच्याकडे बघत राहिले.

"पूर्वीसारखंच," ते म्हणाले.

उज्ज्वला चकित होऊन पुढं झाली, तेव्हा ते फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले. "मला हे सोसेल. त्याला नाही सोसणार."

यंत्र सुरू झालं. हात निवला, चेहऱ्यावर माणूस परत आला. परतीच्या वाटेवर सरांनी जयसिंगपूरला गाडी थांबवून भडंग घ्यायला लावलं आणि घर येईपर्यंत परागला कॉलेजातल्या गमती सांगितल्या. पराग हसत होता. उज्ज्वला मागच्या सीटवर वही मांडीवर घेऊन बसली होती.

*

छपाईआधीची अखेरची मुद्रितं घेऊन ती राजारामपुरीत गेली. जत्रेचं प्रकरण काढून तिथं हे नवं प्रकरण घातलं होतं. सर वाचत होते आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मिरजेची ती सकाळ त्यांना आठवत होती, पण दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तशी, लांबून. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हे मी सांगितलं?"

"होय सर."

"शब्द न् शब्द?"

"शब्द न् शब्द."

त्यांनी पुन्हा पानं चाळली. "तुझी चित्रं मी एवढी वर्षं बघतोय, उज्ज्वला. उन्हातल्या पायऱ्या, त्यावर टेकलेली म्हातारी. हे तुझं चित्र आहे. माझं वाक्य असं नसतं."

ते अगदी सौजन्यानं बोलले, म्हणून तिला जास्त लागलं. हाच संशय घेऊन ती याच खोलीत येऊन बसली होती. आता सिद्ध करायला तिच्याकडे काही नव्हतं. त्यांचं पुटपुटणं तिच्या कानाखेरीज कुणाला ऐकू आलं नव्हतं. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट टोचत होती. काही ठिकाणी त्यांचा शब्द तिला नीट ऐकू आला नव्हता. तिनं आपल्याला वाटला तो शब्द उच्चारून विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. ती मान होकाराची होती, की कंपाची?

तिनं हेही त्यांना सांगून टाकलं.

सरांनी पेनचं टोपण काढलं. शेवटच्या ओळीखाली थोडी जागा होती. "इथं एकच ओळ घालतो," ते म्हणाले. "आणि तेवढ्यात भानाक्का घोरली." म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. ओळ खरोखर चांगली होती. सगळा गड पुन्हा आवाज करू लागला असता, पोरांनी टाळ्या पिटत पुस्तक मिटलं असतं.  पुस्तक त्यांचं होतं.

पेन कागदाशी आलं आणि तिथंच राहिलं. हात स्थिर होता. सर आपल्याच हाताकडे बघत होते.

"मला हे पटत नाहीये," ते सावकाश म्हणाले. "वाचताना काही वाटतही नाहीये. पण तो जो कोण मिरजेला खुर्चीत बसला होता, त्याला पेन धरता येत नाही. माझ्या हातात पेन आहे म्हणून मी त्याचं खोडायचं, हे बरं दिसत नाही."

त्यांनी टोपण लावलं आणि मुद्रितं तिच्याकडे सरकवली. हा न्यायीपणा कुणाचा, सरांचा की यंत्राचा, हा प्रश्न उज्ज्वलाच्या मनात आला.  काकूंच्या फोटोवरून धूळ पुसायची राहिली होती. ती उठून पुसून आली.

पुस्तक निघालं ते दणक्यात खपलं. मलपृष्ठावर गोल शिक्का होताच. थोड्याच दिवसांत वाचकांत वाद सुरू झाला. बाकी पुस्तक अस्सल सरनोबत आहे, शेवटचं प्रकरण मात्र यंत्राचं आहे, असं बऱ्याच जणांचं ठाम मत पडलं. कोल्हापुरातल्या समारंभात एका तरुण शिक्षिकेनं उठून सरांना तोंडावरच विचारलं. तिचा स्वर भांडणाचा नव्हता. तिच्या वर्गातली मुलं ते प्रकरण ऐकून गप्प झाली होती, आणि ते कुणी लिहिलं हे तिला त्यांना खरं सांगायचं होतं.

उज्ज्वला पहिल्या रांगेत परागशेजारी बसली होती. 

सरांनी माइक जवळ घेतला. "ते प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे," ते म्हणाले. "तो फारसा घराबाहेर पडत नाही."

सभागृह हसलं. सरही मनापासून हसले. परागनं मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर केली नाही.